देणाऱ्याची लाज

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि दानाविषयीची आपली चर्चा बहुतेक वेळा तिथल्या एकाच शब्दापाशी अडते: पात्र. योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. हे पात्र कोण, याची धर्मशास्त्रकारांनी इतकी चिकित्सा केली की भूक मागे राहिली आणि घेणाऱ्याचे कूळ, विद्या, आचार पुढे आले. पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा हे त्याचे ठसठशीत रूप. विद्वानांची पारख होऊन त्यांना दक्षिणा मिळे. उरलेल्या ब्राह्मणांना पर्वतीच्या रमण्यात सरसकट वाटप होई. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी हा खर्च कमी केला, त्यातून 1821 मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. 1849 च्या सुमारास काही सुधारक ब्राह्मणांनीच अर्ज केला, की यातला काही पैसा मराठी ग्रंथांसाठी खर्चावा. शहरात गदारोळ उठला. पैसा कुणाचा यापेक्षा पात्र कोण हे ठरवायचे कुणी, हा त्या भांडणाचा गाभा होता.

गंमत अशी, की गीतेच्या त्याच ठिकाणी दुसरी एक कसोटी आहे आणि तिच्याकडे सहसा कुणी वळत नाही. तामस दानाच्या लक्षणांत अपात्राबरोबर अनादर आणि तुच्छता हीही मोजली आहेत. तैत्तिरीय उपनिषदातली शीक्षावल्ली त्याहून पुढे जाते: श्रद्धेने द्यावे, आणि लाजून द्यावे. देताना लाज देणाऱ्याला वाटायची आहे! आपण नेमके उलटे केले. घेणाऱ्याला ओशाळे केले आणि देणाऱ्याचे नाव पायरीच्या फरशीवर कोरले. माझे म्हणणे असे, की परंपरेतल्या या दोन कसोट्यांपैकी दुसरीच सेवेच्या पायाशी आहे. पात्रता तपासणारा वरच्या पायरीवर उभा असतो, आणि तिथून फार तर कृपा करता येते.

यावर पहिला आक्षेप व्यवहारातला येईल: पात्र न पाहता दिले तर आळस पोसला जातो. संस्थेच्या पैशाचा हिशेब हवा, लबाडी ओळखायला हवी, हे खरेच आहे. पण लबाडीची शंका आणि जातीची चौकशी या एकाच तराजूत घालायच्या गोष्टी नव्हेत. दुसरा आक्षेप असा, की गरजूची सेवा ही कल्पना मिशनऱ्यांकडून आली. शाळा-दवाखान्यांच्या घडणीवर त्यांचा प्रभाव नाकारण्यात अर्थ नाही. मात्र भागवताच्या नवव्या स्कंधातला राजा रंतिदेव दीर्घ उपासानंतर उरलेले पाणीही पुल्कसाला, म्हणजे अंत्यज मानलेल्या माणसाला, देऊन टाकतो, आणि काशीहून रामेश्वराला निघालेल्या कावडीतले पाणी एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजल्याची कथा महाराष्ट्राने लेकरांना सांगितली. गाढवाची पात्रता कोणत्या ग्रंथात शोधणार? अर्थात कथेत जे सहज जमले ते समाजात जमले नाही, हेही कबूल करायला हवे. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांना घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, तो एकनाथांची कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या समाजातच.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: दानाने विषमता शाबूत राहते, माणसाला भाकरीच्या तुकड्याऐवजी हक्क हवा. याला उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा गाडगेबाबांच्या कामाकडे पाहावे. 1876 मध्ये विदर्भातल्या शेंडगावी जन्मलेल्या या माणसाने दिवसा गावचे रस्ते झाडले, रात्री कीर्तनातून कर्ज, दारू, पशुबळी यांवर कोरडे ओढले, आणि लोकवर्गणीतून नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. धर्मशाळा बांधणारे श्रीमंत पुष्कळ झाले. बाबांचे वेगळेपण असे, की लाखोंच्या इमारती उभारूनही त्यांनी स्वतःपाशी चिंध्यांचे अंगरखे, खराटा आणि गाडगे एवढेच ठेवले. देणाऱ्याची लाज म्हणतात ती हीच असावी. पंढरपुरात इतर ठिकाणी थारा न मिळणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. पुढे ती इमारत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्यांना तिथे रात्रीपुरता आसरा मिळे, त्यांच्याच मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थेकडे तिच्या किल्ल्या गेल्या.