कीन यांचा दोष किती?

7 मे 2012 ची संध्याकाळ. इंग्लंडच्या लँकशर परगण्यातल्या ब्लॅकबर्न शहरात, इवूड पार्क मैदानावर पाऊस कोसळत होता. ब्लॅकबर्न रोव्हर्स विरुद्ध विगन. हरलं तर प्रीमियर लीगमधून बाहेर, एवढा सरळ हिशोब. खेळ सुरू असताना कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली, आणि तिला धरून बाहेर नेईपर्यंत सामना खोळंबला. शेवटी 87व्या मिनिटाला विगनच्या अँटोलिन अल्काराझने डोक्याने चेंडू जाळ्यात मारला. सलग 11 हंगामांचा वरच्या श्रेणीतला मुक्काम तिथे संपला.

कोंबडी होती मालकांसाठी, म्हणजे कुक्कुटपालनाच्या धंद्यातल्या आपल्या पुण्याच्या व्यंकीजसाठी. पण मालक इवूड पार्कवर फारसे दिसतच नसत. दिसत होते ते मॅनेजर स्टीव्ह कीन. त्यामुळे दीड वर्ष साचलेला सगळा राग त्यांच्याच अंगावर गेला. ब्लॅकबर्न बुडालं ते या माणसामुळे, ही समजूत तेव्हा पक्की झाली आणि अजून फारशी हललेली नाही. मला ती अर्धवट वाटते. कीन थोर मॅनेजर होते असं मी म्हणणार नाही. त्यांचा दोष होता, आणि तो लहान नव्हता. पण लोकांनी ज्या दोषासाठी त्यांना शिक्षा दिली तो हा नव्हे.

आधी क्लबचं मोल समजून घ्यायला हवं. रोव्हर्सची स्थापना 1875 ची; 1888 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीग उभी करणाऱ्या 12 संघांपैकी हा एक. सुताच्या गिरण्यांवर वाढलेलं आणि गिरण्या गेल्यावर खंगलेलं हे लाख-सव्वा लाख वस्तीचं शहर. मुंबईच्या गिरणगावाची कहाणी ठाऊक असलेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही. पोलादाच्या धंद्यात पैसा कमावलेले इथले भूमिपुत्र जॅक वॉकर यांनी क्लबमध्ये मुक्तहस्ताने पैसा ओतला आणि केनी डॅलग्लिश यांच्या हाताखाली 1995 मध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगचा विजेता झाला. वॉकर 2000 साली गेले. त्यांच्या मागे क्लब काटकसरीने चालत होता, पण नीट चालत होता.

नोव्हेंबर 2010 मध्ये व्यंकीजनी हा क्लब 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला. बी. व्ही. राव यांनी कुक्कुटपालनातून उभा केलेला हा उद्योग. क्लबच्या खरेदीत त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश व बालाजी पुढे होते. आपल्याकडच्या कंपनीने प्रीमियर लीगमधला संघ घेतला याचं इथे कौतुक झालं, आणि ते स्वाभाविकच होतं. महिनाभरातच, 13 डिसेंबरला, मॅनेजर सॅम अलरडाइस यांना काढून टाकण्यात आलं. संघ 13व्या स्थानावर होता. ब्लॅकबर्नसारख्या क्लबसाठी हे स्थान वाईट नव्हतं; अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी तर या निर्णयावर उघडपणे टीका केली. अलरडाइस यांच्या जागी आले त्यांचेच प्रशिक्षक कीन. ग्लासगोचे, प्रशिक्षणाच्या कामात मुरलेले. पण संघाची पूर्ण सूत्रं हातात येण्याची ही पहिलीच वेळ. शिवाय क्लबच्या खरेदीत व्यंकीजना सल्ला देणाऱ्यांत कीन यांचे स्वतःचे एजंट जेरोम अँडरसन होते. चाहत्यांना पहिल्या दिवसापासून यात काळंबेरं दिसलं, आणि त्यासाठी त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. मॅनेजर कसा निवडला गेला याचं समाधानकारक उत्तर त्यांना कुणीच दिलं नाही.

तरीही पहिला हंगाम कीन यांनी तडीस नेला. 22 मे 2011 ला, शेवटच्या दिवशी, वुल्व्ह्‌जच्या मैदानावर ब्लॅकबर्न मध्यंतरालाच 3-0 ने पुढे होतं. सामना 3-2 असा जिंकला, आणि संघ 15व्या स्थानावर राहिला.

खरा निवाडा करायचा तो दुसऱ्या हंगामाचा. गोलांचे आकडे रुक्ष वाटतात, पण इथे त्यांच्याकडे डोळे उघडून बघायलाच हवं. 2011-12 मध्ये ब्लॅकबर्नने 38 सामन्यांत 48 गोल केले. त्याच हंगामात स्टोकने 36, अ‍ॅस्टन व्हिलाने 37 आणि विगनने 42 केले, आणि हे तिघेही वाचले. म्हणजे गोल करण्यात हा संघ दुबळा नव्हता; एकट्या याकुबूचे लीगमधले गोल 17 होते. घोडं पेंड खात होतं ते बचावात. ब्लॅकबर्नने 78 गोल खाल्ले.

ते का खाल्ले? उन्हाळ्यात फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. जानेवारीत रायन नेल्सन सोडून गेला. फेब्रुवारीत ख्रिस सांबा रशियाच्या अंझी क्लबला विकला गेला. बचावफळीच्या मधोमध उभे राहणारे तीन खंदे खेळाडू अवघ्या काही महिन्यांत गेले. स्कॉट डॅन नव्याने आला होता, पण एकट्या डॅनने तिघांची जागा कशी भरावी? उरलेलं ओझं ग्रँट हॅनलीसारख्या विशीतल्या पोरावर आलं. त्याच पोराने 31 डिसेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर निर्णायक गोल केला, ब्लॅकबर्नने युनायटेडला 3-2 असं हरवलं, आणि तेही फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी. मार्चमध्ये वुल्व्ह्‌ज आणि संडरलंड यांना लागोपाठ नमवल्यावर संघ वाचणार असं वाटू लागलं. मग सलग पाच पराभव झाले. इथे कीन यांचं कौशल्य तोकडं पडलं हे मान्यच करावं लागतं. सांबाविना बचाव कसा बांधायचा याचं उत्तर त्यांना हंगाम संपेपर्यंत सापडलं नाही.

मात्र ओल्ड ट्रॅफर्डच्या त्या विजयाच्या 11 दिवस आधीची रात्र विसरता येत नाही. 20 डिसेंबर 2011, इवूड पार्क, समोर बोल्टन. दोन्ही संघ तळाला. ब्लॅकबर्न 2-1 ने हरलं. स्वतःच्याच प्रेक्षकांनी आपल्या मॅनेजरला इतक्या विखारी शिव्या दिलेल्या प्रीमियर लीगमध्ये क्वचितच ऐकू आल्या असतील. कीन मैदानाच्या कडेला, आखलेल्या चौकोनात उभे होते. फुटबॉलच्या मॅनेजरला सहसा तिथून हलता येत नाही. क्रिकेटच्या प्रशिक्षकासारखं ड्रेसिंग रूमच्या काचेआड बसता येत नाही. नव्वद मिनिटं तो हजारो लोकांच्या नजरेसमोर असतो, आणि त्याच्या पाठीशी असलेल्या रांगांतला शब्द न्‌ शब्द त्याच्या कानावर पडतो.

कीन यांच्या वतीने बोलायला क्लबमध्ये उरलं होतं कोण? वॉकर यांच्या काळापासून कारभार पाहणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स 2011 च्या सुरुवातीलाच बाहेर पडले. व्यवस्थापकीय संचालक टॉम फिन हेही गेले. क्लब चालवायचा म्हणजे खेळाडूंचे करार, विक्रीची वेळ, बँक, पोलीस, चाहत्यांच्या संघटना, वार्ताहर. हे सगळं जाणणारी फळीच नाहीशी झाली. मालक पुण्यात, मैदान सात हजार किलोमीटरवर, आणि मध्ये फक्त संघाचा मॅनेजर. जहागीरदार परगावी राहतो, वसुलीचे निर्णय तिथून होतात आणि गावात तोंड दाखवायचं ते दिवाणजीने, तशी ही गत झाली. ऑक्टोबर 2011 मध्ये तर, हंगाम ऐन रंगात असताना, संघ पुण्याला आणून बालेवाडीत पुणे एफसीशी प्रदर्शनी सामना खेळवण्यात आला. बालेवाडीच्या प्रेक्षकांना प्रीमियर लीगचे खेळाडू जवळून पाहायला मिळाले, हे चांगलंच झालं. पण तळाशी झगडणाऱ्या संघाला त्या आठवड्यात सरावाची गरज होती. तो दौरा कीन यांच्या डोक्यातून निघाला असेल, असं मानायला मी तयार नाही.

कीन गेल्यावर जे घडलं तो माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा. सप्टेंबर 2012 मध्ये, दुसऱ्या श्रेणीत संघ वरच्या स्थानांवर असतानाच, त्यांनी पद सोडलं. आपल्याला राजीनामा देणं भाग पाडलं, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर 1995 च्या विजेत्या संघातले हेनिंग बर्ग आले आणि 57 दिवसांत गेले. मायकेल अ‍ॅपल्टन आले आणि 67 दिवसांत गेले. हंगामी धरून एकाच मोसमात पाच जणांनी संघ सांभाळला. बर्ग यांची 22 लाख 50 हजार पौंडांची भरपाई कोर्टात गेली. तिथे क्लबचा बचाव काय होता? आमच्या व्यवस्थापकीय संचालकाला असा करार करण्याचा अधिकारच नव्हता! कोर्टाने तो बचाव मानला नाही. पण निर्णय कोण घेतं हे क्लबलाच न्यायाधीशापुढे धड सांगता येत नव्हतं. 2017 मध्ये ब्लॅकबर्न तिसऱ्या श्रेणीत घसरलं. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर दुसरा कुठलाही क्लब तोवर तिथवर घसरला नव्हता. तेव्हा कीन यांना जाऊन साडेचार वर्षं होऊन गेली होती.

व्यंकीजबद्दलही न्यायाने बोलायला हवं. त्यांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही. तोट्यातल्या क्लबमध्ये ते वर्षानुवर्षं शेकडो कोटी रुपये घालत राहिले, आणि 2018 मध्ये टोनी मोब्रे यांच्या हाताखाली संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला. इतका पैसा घालणारा मालक क्लबचं वाईट चिंतत असेल, हे पटत नाही. सुरुवातीला त्यांचं चुकलं ते दुसरीकडेच: जाणकार माणसं जाऊ दिली, आणि गावाशी बोलणं ठेवलं नाही.

मग कीन यांचा दोष कुठला? 2011 च्या उन्हाळ्यात, वुल्व्ह्‌जवरच्या विजयानंतर, त्यांच्या शब्दाला वजन होतं. संघ त्यांनी वाचवला होता. जोन्स जाणार हे दिसत होतं, वरचे अधिकारी गेलेले होते. कारभार जाणणारा अध्यक्ष नेमा, बचाव मोडू नका, नाहीतर मी निघतो, असं सांगण्याची तीच वेळ होती. त्यांनी तसं जाहीरपणे कधीच म्हटलं नाही. उलट प्रत्येक पराभवानंतर खेळाडूंची जिद्द आणि मालकांचा पाठिंबा यांचे गोडवे गात राहिले. घर जळत असलेल्या माणसाला असं आश्वासन ऐकवलं की त्याला ते खोटं वाटतं आणि अपमानही वाटतो. चाहत्यांच्या शिव्यांचं समर्थन होणार नाही, पण त्या अपमानाची जाणीव खरी होती. पहिलीच मोठी नोकरी, हातात करार, आणि आपण निभावून नेऊ हा विश्वास; कीन का थांबले हे मला समजतं. पण थांबल्यामुळे मालक आणि गाव यांच्यामधल्या रिकाम्या जागेवर पडदा पडला, आणि तो पडदा ते स्वतः झाले. गाव त्या पडद्यावरच दगड मारत राहिलं, आणि मागे कुणीच बसलेलं नाही हे कळायला त्याला आणखी कितीतरी हंगाम लागले.

कीन पुढे ब्रुनेईला गेले. तिथल्या डीपीएमएम संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली 2015 मध्ये सिंगापूरची लीग जिंकली.