राजाचे नाक आणि बुद्धाची नजर

नाण्यावरचा राजा सहसा आपल्याकडे पाहत नाही. तो डावीकडे किंवा उजवीकडे पाहतो. एक डोळा, एक कान आणि नाकाची धार एवढेच आपल्या वाट्याला येते. दोन हजारांहून अधिक वर्षे टिकलेला हा प्रघात आधी धातूची गरज होता. त्याला अर्थ पुढे माणसांनी दिला.

गरज साधी होती. नाण्यावरचा उठाव बेताचाच ठेवावा लागतो. समोरून कोरलेल्या चेहऱ्यात नाक सर्वांत उंच, त्यामुळे हातोहात फिरताना आधी तेच झिजते आणि माणूस ओळखू येईनासा होतो. बाजूने कोरलेल्या चेहऱ्याची ओळख कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांच्या कडेत असते. नाणे गुळगुळीत झाले तरी ती कड उरते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने चांदीत भरमसाट तांबे मिसळले आणि स्वतःचा चेहरा समोरून छापला. वरची चांदी झिजून नाकाचे तांबे उघडे पडले आणि प्रजेने राजालाच ‘तांबड्या नाकाचा’ ठरवले. राजाची लबाडी त्याच्याच नाकाने उघड केली.

कारागिरांना समोरचा चेहरा जमत नव्हता, असे मात्र नाही. सिराक्यूजच्या किमोनने इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस अरेथुसा या जलदेवतेचा चेहरा समोरून कोरला. ते नाणे ग्रीक कलेचे वैभव मानले जाते. तरी रूढी बाजूच्या चेहऱ्याचीच राहिली, आणि तिथे बहुधा देवदेवताच असत. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याचा सेनापती लायसिमॅकस याने त्याचा चेहरा अमोन देवाची शिंगे लावून नाण्यावर आणला. दुसरा सेनापती टॉलेमी याने तर हयातीतच स्वतःचा आणला. राजाने देवाची जागा घेतली आणि देवाची ढबही.

ही ढब ग्रीक राजांच्या नाण्यांबरोबर भारतात आली आणि पश्चिमी क्षत्रपांनी उचलली. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. जिंकलेल्या राजाच्या चेहऱ्यावरच विजेत्याचा ठसा! पण त्याच्याच मुलाने, वासिष्ठीपुत्र पुळुमावीने, चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा चेहरा आणला, तोही बाजूने. शत्रूचा चेहरा पुसता आला. चेहऱ्याने सत्ता सांगण्याची त्याची रीत मात्र घरात आली.

सारे धातूवर सोपवून मोकळे होता येत नाही, हे कुषाण राजा कनिष्काचे एक सोन्याचे नाणे सांगते. एका बाजूला वेदीपाशी उभा राजा, तोंड वळवलेला. दुसऱ्या बाजूला उभा बुद्ध, थेट समोर पाहणारा, शेजारी ग्रीक लिपीत त्याचे नाव. धातू तोच, झीज तीच, तरी नजर वेगळी. बायझंटाईन नाण्यांवर सहाव्या शतकात जस्टिनियन समोर पाहू लागला, आणि सातव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जस्टिनियनने ख्रिस्ताची मुद्रा आणली, तीही समोरून. तिथे झिजण्याची भीती श्रद्धेपुढे गौण ठरली.

मला यातला भेद नजरेच्या नात्याचा वाटतो. देवळात आपण मूर्तीसमोर उभे राहतो, कारण दर्शन दोन्ही बाजूंनी घडावे लागते. आपण पाहायचे आणि देवानेही आपल्याला पाहायचे. राजाला असे नाते नको असते. त्याला ओळखले जाणे पुरते. नाणे हातात धरणाऱ्याच्या नजरेला उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक नसते. १९६४ मध्ये स्वतंत्र भारताने नेहरूंच्या स्मरणार्थ नाणे काढले, त्यावरही चेहरा बाजूनेच आहे. राजेशाही गेली, ढब उरली. लोकशाहीत सत्तेने लोकांच्या डोळ्याला डोळा द्यावा, अशी आपली अपेक्षा असते. ती नाण्याने पुरी करावी असा हट्ट धरायचे कारण नाही. पण ज्यांचे चेहरे आपण नाण्यांवर कोरतो, त्यांच्या वारसदारांकडून ती धरायलाच हवी.