त्या रुग्णाचे नाव काय?



गेल्या महिन्यात युवा गटाच्या सभेत ‘देवाचा सन्मान आणि बांधवांची सेवा’ या विषयावर मी बोललो. शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने हात वर केला. “फादर, तुम्ही म्हणता, गरिबात येशूला पाहा आणि त्याची सेवा करा. मग सेवा कुणाची झाली, गरिबाची की येशूची? देवाला खूश करायला मी गरिबाकडे जात असेन, तर तो माझी स्वर्गाची शिडीच झाला ना?”

काही जण हसले. मला मात्र हसू आले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इमान्युएल कांट या जर्मन विचारवंताचा एक नियम आम्ही पाठ केला होता: माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये. त्या मुलाने कांट वाचला नव्हता, पण बोट नेमके तेथेच ठेवले होते. मी काहीतरी उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

त्या रात्री मला सेमिनरीतला एक प्रसंग आठवला. दर गुरुवारी दुपारी आम्हाला एका रुग्णालयात पाठवत. पक्षाघात झालेल्या एका वृद्धाजवळ मी बसे, त्यांना पेज भरवी, प्रार्थना करी आणि संध्याकाळी वहीत भेटीची नोंद करी. असे तीन-चार महिने चालले. एके दिवशी आमच्या फादरांनी वही पाहून विचारले, “त्या रुग्णाचे नाव काय?” मला सांगता आले नाही. इतके दिवस मी देवासाठी जात होतो, पण त्या माणसाकडे गेलोच नव्हतो. पुढच्या गुरुवारी नाव विचारायचे ठरवून गेलो, तर खाट रिकामी होती.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी पिएर जॉर्जो फ्रासाती या तरुणाला संत म्हणून घोषित केले. इटलीतील तुरिन शहरात १९०१ साली त्याचा जन्म झाला. वडील एका मोठ्या दैनिकाचे मालक आणि पुढे जर्मनीत इटलीचे राजदूत. हा मुलगा मात्र खाण कामगारांच्या उपयोगी पडावे म्हणून खाण अभियांत्रिकी शिकत होता. मित्रांबरोबर डोंगर चढत होता, थट्टामस्करी करत होता, रोज ख्रिस्तप्रसाद घेत होता आणि गरिबांची घरे धुंडाळत होता. १९२५ साली त्याला पोलिओ झाला. गरिबांच्या वस्तीतच तो जडला असावा असे मानतात. ४ जुलैला, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी तो गेला. आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने एका मित्राला चिठ्ठी लिहिली: ही इंजेक्शने अमक्याला पोहोचव, तमक्याची गहाणाची पावती माझ्या खर्चाने वाढवून घे. चिठ्ठीत ‘गरीब’ हा शब्द नव्हता. माणसांची नावे होती. अंत्ययात्रेला लोटलेली गोरगरिबांची गर्दी पाहून घरच्यांना कळले की आपला मुलगा कुठे जात होता.

आता मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाचा २५ वा अध्याय पुन्हा वाचा. उजवीकडचे आणि डावीकडचे, दोघेही प्रभूला एकच प्रश्न विचारतात: आम्ही तुला केव्हा पाहिले? उजवीकडच्यांना ठाऊकच नव्हते की तो प्रभू आहे. त्यांनी भुकेल्याला अन्न दिले ते त्याला भूक लागली होती म्हणून. डावीकडच्यांची तक्रार जणू अशी आहे की, तो तू आहेस हे कळले असते तर आम्ही धावत आलो असतो! प्रभूसाठी ते तयार होते, माणसासाठी नव्हते. देव गरिबाच्या आड लपून आपली परीक्षा घेत नाही. आई आपल्या बाळावर केलेली माया स्वतःवर केलेली समजते, तसे हे आहे. बाळावर खरी माया केली, तरच ती आईला पोहोचते.

मग कुणी म्हणेल, सेवा पुरे, मिस्साला कशाला यायचे? फ्रासातीला ती रोज का लागत होती, हे पाहा. वेदीवर ख्रिस्त स्वतःला देतो तेव्हा आपली लायकी मोजत बसत नाही. असे फुकट घ्यायला जो शिकला नाही, तो देताना हिशेब मागतो. कुणी आभार मानले नाहीत की त्याची सेवा थांबते.

तरुणांनो, नाताळात तुम्ही कॅरल गात घरोघरी जाता, अंथरुणाला खिळलेल्यांना केक देता, फोटो काढता. चांगलेच आहे. पण जानेवारीत त्याच घरी पुन्हा जा. मोबाइल खिशात राहू द्या. त्या आजींचे नाव विचारा, गुडघा कसा आहे ते विचारा, परदेशी असलेल्या मुलाची चौकशी करा. औषध आणायचे असेल तर आणून द्या.

त्या तरुणाला माझे उशिराचे उत्तर इतकेच: बाळा, शिडी चढणाऱ्याला पायरीचे नाव ठाऊक नसते. ज्याचे नाव तू विचारलेस, ज्याच्याजवळ बसलास, तो शिडी राहत नाही, तो तुझा भाऊ होतो. आणि त्या भावाचा पिता आपोआप सन्मानित होतो.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू