खेळातली जबरदस्ती

माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. माणसाने माणसाला ओढत न्यावे हे माणुसकीला धरून नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्याच डोंगरावर दस्तुरी नाक्यापासून घोडे पर्यटकांना पाठीवर घेऊन चढतात, आणि खाली कर्जत-खालापूरच्या शिवारात भातकापणी उरकली की बैलगाड्यांच्या शर्यतींचे दिवस येतात. हौसेसाठी मुक्या जिवाला जुंपणे धर्माला मान्य आहे का, हा प्रश्न निकालाने सुटलेला नाही. काम म्हटले की त्यात कष्ट आले, क्रूरता आली. खेळ म्हटले की सगळे निरुपद्रवी, असे आपण धरून चालतो. मला हे उलटे वाटते. जनावराच्या बाबतीत खेळाला कामापेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे.

चिखलणीला बैल जुंपणारा शेतकरी स्वतः गुडघाभर चिखलात असतो, आणि पीक आले नाही तर दोघांच्याही पोटाला चिमटा बसतो. तिथे बैलावर सक्ती असतेच, पण तिच्या बाजूने गरज उभी असते. खेळाच्या बाजूने कोण उभे राहणार? गरज नसते म्हणून तर तो खेळ. बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत हा पेच अगदी मुळाशी जाऊन गाठला आहे. आप्तकाम ईश्वराने सृष्टी कशासाठी निर्माण केली, तर निव्वळ लीला म्हणून, असे दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. लगेच पुढच्या सूत्रात आक्षेप येतो तो पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा. सूत्रकाराला उत्तरासाठी प्राण्यांच्या कर्माचा आधार घ्यावा लागतो. लीला म्हटल्याबरोबर निर्दयतेचा जाब खुद्द परमेश्वरालाही चुकला नाही, मग आखाड्यात बक्षीस लावणाऱ्यांना तो कसा चुकावा? जैन आचारशास्त्राने तर यादीच करून ठेवली आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे, अन्नपाणी तोडणे. यात ओढायला लावणे हा स्वतंत्र दोष सांगितलेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दोष आहे तो अतिरेकात आणि जाचात.

मग निर्दोष ओढणे दिसते तरी कसे? नॉर्वेसारख्या देशांत बर्फावर स्कीजोरिंग नावाचा खेळ चालतो. लांब पट्ट्या पायांना बांधून माणूस उभा राहतो आणि एक-दोन कुत्री त्याला ओढतात. कुत्र्याच्या छाती-खांद्यावर पट्टा, माणसाच्या कमरेला पट्टा, मधे ताणली जाणारी दोरी. लगाम नाही, वेसण नाही. वळायचे ते तोंडी हाकेवर. दोन खेळकर कुत्र्यांनी मधेच एकमेकांशी मस्ती मांडली, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच केला, की स्वारी जागच्या जागी थांबते आणि माणसाला मुकाट वाट पाहावी लागते. याच खेळाचा घोड्यांचा प्रकार १९२८च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून झाला. तिथे लगाम आला, आणि कुत्र्यांना असलेली मोकळीक घोड्याला तितकी राहिली नाही. आपल्याकडे ही गोष्ट नंदिविशाल जातकात फार पूर्वी येऊन गेली आहे. शंभर गाड्या ओढण्याची पैज लावून मालक भर लोकांत बैलाला शिवी देतो, तेव्हा बैल तसूभर हलत नाही. पुढच्या खेपेला गोड शब्द मिळतात आणि तोच बैल गाड्या ओढतो. कथेचा उपदेश वाणीच्या संयमाचा आहे, पण तिची सगळी मदार बैलाला नकार देता येतो यावर आहे.

यावर कोणी म्हणेल, कुत्र्याची ओढच माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून घडवली. त्याची हौस ती कसली? आक्षेप वजनदार आहे. पण आपल्याही आवडी कुठून तरी आलेल्याच असतात, म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. त्यातून एक मात्र निघते. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे सुटताच धावले, तर ती खेळाची संमती नव्हे. खेळाबाहेरच्या वेळात त्याला काय मिळते हेही पाहावे लागेल. दुसरा आक्षेप असा, की जनावराच्या मनातले आपल्याला काय कळणार? इथे मन वाचायची गरजच नाही. जुवाखाली बैल बसला की त्याचा अर्थ सांगायला कुठल्याही शेतकऱ्याला तत्त्वज्ञ लागत नाही. तिसरा आधार देवांच्या वाहनांचा घेतला जातो. खालापूर तालुक्यातल्या महडला वरदविनायकाच्या दर्शनाला जाणाऱ्यांना एवढ्या मोठ्या देवाचे वाहन उंदीर आहे हे ठाऊक असते. ते ओझ्याचे गणित खासच नव्हे. नंदीही महादेवासमोर बसलेला असतो, जुवाखाली नव्हे.

बैलगाड्यांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. निकालात परंपरा जिंकली म्हणून गुलाल उधळला गेला, पण परवानगीसोबत आलेल्या अटींकडे कोणी फारसे पाहिले नाही. चाबूक, पराणी, शेपटी पिरगाळणे वर्ज्य, हे मनापासून पाळले तर बैल कधी धावेल, कधी धावणार नाही. नेम नसलेल्या शर्यतीवर पैसा लावायला किती जण येतील, याचा आयोजकांनीच विचार करावा. माथेरानच्या घोडेवाल्याचे तसे नाही. त्याचे घर त्यावर चालते, म्हणून त्याच्या बाजूने गरज बोलते आणि त्याला जरा सवलत द्यावी लागेल. खोगिरावर बसलेल्याला ती मिळणार नाही. चढावर घोडा अडला, घोडेवाल्याने छडी उगारली, तर "राहू द्या, मी चालतो" म्हणून उतरायला त्याचे काहीच अडत नाही. तो तर हौसेने आलेला असतो.