तिजोरी आणि तरबियत

फुटबॉलच्या दुनियेत एक वाद फार जुना आहे. संघ उभा करायचा तर मुले लहानपणापासून हाताशी धरून घडवावीत, की दुसऱ्यांनी घडविलेले, नाव कमावलेले खेळाडू पैसे मोजून आणावेत? वरवर पाहता हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो. एका वाटेला वेळ लागतो, दुसरीला पैसा. ज्याच्यापाशी जे असेल ते त्याने खर्चावे. परंतु आम्ही शिक्षक मंडळी माणसे घडविण्याच्या कामातली. आम्हाला या वादात व्यवहारापलीकडचे काही दिसते. आमच्या उर्दूत दोन शब्द जोडीने येतात, तालीम आणि तरबियत. तालीम म्हणजे शिकविणे, तरबियत म्हणजे वाढविणे, वळण लावणे. तालमीला फी असते. तरबियतीला मात्र वर्षे द्यावी लागतात. मग ज्याने वर्षे दिली आणि ज्याने पैसे दिले, त्या दोघांत खेळाडूवर हक्क कोणाचा? आणि मुळात माणसावर असा कोणाचा हक्क असतो काय?

या प्रश्नाची सर्वात बोलकी कहाणी हॉलंडमधल्या आयाक्स क्लबची आहे. २४ मे १९९५ रोजी व्हिएन्ना येथे आयाक्सने इटलीच्या एसी मिलानला १-० ने हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळविले. तो एकमेव गोल पॅट्रिक क्लायव्हर्टने केला. वय वर्षे अठरा, आणि आयाक्सच्याच शाळेत वाढलेला! डेव्हिड्स, रायझिगर, सीडॉर्फ ही त्याच शाळेतली पोरे. घडविणाऱ्यांनी विकत घेणाऱ्यांवर मिळविलेला हा विजय होता.

त्याच वर्षी, १५ डिसेंबरला, युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्याचा निकाल दिला. ज्याँ-मार्क बोसमन हा बेल्जियमचा एक साधा खेळाडू. त्याचा करार १९९० साली संपला होता, तरीही त्याचा लिएज क्लब मोबदला मिळाल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाऊ देईना. न्यायालयाने सांगितले, करार संपला की खेळाडू मोकळा. निकाल न्यायाचाच होता. करार संपल्यावरही माणसाला अडकवून ठेवायचे, ही वेठबिगारीच झाली. पण त्या न्यायाची किंमत कोणी मोजली? १९९६ साली डेव्हिड्स आणि रायझिगर, १९९७ साली क्लायव्हर्ट, तिघेही करार संपताच निघून गेले. आणि गेले कोठे? ज्या मिलानला त्यांनी हरविले होते, त्याच मिलानकडे! आयाक्सच्या पदरात त्यांच्या बदल्यात एक छदामही पडला नाही.

येथे चूक कोणाची म्हणावी? मुलांची नाही, त्यांना आपले आयुष्य आहे. न्यायालयाचीही नाही. तरीही कोणावर तरी अन्याय झाला, हे मन सांगत राहते. आम्हाला वाटते, मुलाला घडविणाऱ्याचा मुलावर मालकी हक्क नसतो, मूल त्याच्याकडे अमानत असते. अमानत परत करावी लागते, ती जाताना अडवता येत नाही. पण अमानत सांभाळणाऱ्याची आठवण ठेवणे हे तर घेणाऱ्याचे कर्तव्य आहे की नाही?

ही आठवण किती पातळ असते, ते फुटबॉलच्या कायद्यातच पाहा. २००१ साली फिफाने नियम केला की करार चालू असताना खेळाडू विकला गेला, तर रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांपर्यंत घडविणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे. नियम चांगला आहे. पण वाटणी कशी? शंभर रुपयांतले पाच या क्लबांचे. त्यांतले चार रुपये सोळाव्या वर्षापासून पुढच्या आठ वर्षांचे, आणि बारा ते पंधरा या चार वर्षांचा मिळून एक रुपया. बाराव्या वर्षाच्या आत ज्याने मुलाच्या पायाला पहिल्यांदा चेंडू लावला, त्याचा वाटा शून्य. करार संपून खेळाडू मोकळा गेला तर विक्रीच नाही, मग हा वाटाही नाही. अलिफ-बे शिकविणाऱ्या उस्तादाचे नाव पदवीच्या कागदावर कधी असते काय?

आता विकत घेणाऱ्यांकडे वळू. २००० साली फ्लोरेन्तिनो पेरेझ रेआल माद्रिदचे अध्यक्ष झाले आणि दरसाल एक तारा आणण्याचा सपाटा त्यांनी लावला. २००० मध्ये फिगो, २००१ मध्ये झिदान, २००२ मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो, २००३ मध्ये बेकहॅम. एकट्या झिदानसाठी सात कोटींहून अधिक युरो मोजले गेले. १५ मे २००२ च्या रात्री ग्लासगोच्या अंतिम सामन्यात झिदानने हवेतल्या हवेत डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडला, तो गोल पाहिलेला माणूस त्या रकमेबद्दल तक्रार करणार नाही. पण त्याच सामन्यातला रेआलचा पहिला गोल कोणाचा होता? राऊलचा. राऊल आधी शेजारच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या युवा संघात होता. १९९२ साली अ‍ॅटलेटिकोच्या अध्यक्षांनी खर्च वाचविण्यासाठी मुलांची ती शाळाच बंद केली. पंधरा वर्षांचा राऊल गल्ली ओलांडावी तसा रेआलकडे गेला आणि दोन वर्षांत मोठ्या संघात खेळू लागला. खर्चाच्या वहीत मुले केवळ खर्च म्हणून दिसली की असे होते.

पुढे रेआलने २००३ साली मैदानाच्या मध्यात घाम गाळणाऱ्या माकेलेलेला जाऊ दिले. ताऱ्यांची गर्दी होती, पण २००६ पर्यंतच्या तीन हंगामांत एकही मोठा चषक हाती आला नाही. तारे विकत मिळतात, एकमेकांसाठी धावण्याची सवय विकत मिळत नाही.

मग खरेदी वाईटच, असे म्हणावे काय? तसेही नाही. खुद्द झिदान अल्जीरियातून आलेल्या कष्टकरी आईबापांचा मुलगा. मार्सेयच्या गरीब वस्तीत वाढला, कानच्या क्लबात घडला. कोणी विकत घेतलेच नसते तर तो तेवढ्याच वर्तुळात राहिला असता. एन्गोलो कान्टेचे उदाहरण याहून बोलके आहे. अंगाने लहान म्हणून मोठ्या क्लबांच्या शाळांनी त्याला नाकारले. पॅरिसजवळच्या सुरेन या छोट्या क्लबात तो खेळत राहिला. २०१५ साली इंग्लंडच्या लेस्टर सिटीने त्याला विकत घेतले, २०१६ साली लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला आणि २०१८ साली कान्टे फ्रान्सबरोबर विश्वविजेता. लेस्टरच्या त्याच संघातला रियाद महरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून असाच स्वस्तात आणलेला होता. घडविणाऱ्यांच्या दारातून परत फिरलेल्या माणसाला विकत घेणाऱ्याने न्याय दिला! तेव्हा खरेदी ही कधी कधी दुसरी संधी असते.

उलट घडविणे नेहमीच पवित्र असते, असेही नाही. लिओनेल मेस्सी तेरा वर्षांचा असताना अर्जेंटिनातून बार्सिलोनाला आला. क्लबने त्याच्या वाढीच्या आजारावरील औषधांचा खर्च उचलला. त्याचे पुढे काय झाले ते जग जाणते. पण तेरा वर्षांचे मूल घरापासून समुद्रापार आणणे, याला घडविणे म्हणावे की लवकर केलेली खरेदी? अठरा वर्षांखालील मुलांना परदेशातून आणण्यावर फिफाचे निर्बंध आहेत. ते मोडल्याबद्दल २०१४ साली बार्सिलोनावरच नवे खेळाडू घेण्याची बंदी आली. एका मेस्सीमागे किती मुले घर सोडून आली आणि हात हलवीत परत गेली, त्यांची नावे कोठल्याही संग्रहालयात नाहीत.

घरचा खेळाडू म्हणजे तरी कोण? स्पेनमधला अ‍ॅथलेटिक बिल्बाओ क्लब बास्क मुलखात जन्मलेल्या किंवा तेथेच घडलेल्या खेळाडूंनाच घेतो, आणि असे असूनही तो पहिल्या श्रेणीतून कधी खाली गेलेला नाही. २०२४ साली त्याने चाळीस वर्षांनी राजाचा चषक जिंकला. त्या संघात इन्याकी आणि निको हे विल्यम्स बंधू होते. त्यांचे आईवडील घानातून सहारा वाळवंट तुडवीत आलेले. २०१५ साली इन्याकीने गोल केला तेव्हा क्लबच्या शतकाहून मोठ्या इतिहासातला तो पहिला कृष्णवर्णीय गोल करणारा ठरला. ज्यांना आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले जाते, त्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ वेगळा समजवायला नको. माणूस ज्या मातीत वाढतो, त्या मातीचा होतो. तरबियत हाच त्याचा वतनाचा दाखला.

तेव्हा प्रश्न घडविणे की विकत घेणे हा राहत नाही. विकत घेतलेल्या प्रत्येक खेळाडूला कोणी ना कोणी, कोठे ना कोठे घडविलेलेच असते. तिजोरी कितीही मोठी असो, ती तरबियतीची जागा घेत नाही, फक्त तिचे ओझे दुसऱ्याच्या अंगणात ढकलते. मँचेस्टर युनायटेडने १९९२ साली लीड्सकडून एरिक कँटोनाला बारा लाख पौंडांना घेतले. सराव संपल्यावरही तो एकटा मैदानावर थांबून घाम गाळी, आणि ते पाहून बेकहॅमसारखी क्लबची पोरेही थांबू लागली. १९९५-९६ साली याच पोरांनी त्याच्यासह इंग्लंडची साखळी स्पर्धा आणि एफए चषक दोन्ही जिंकले. ही खरेदी पोरांच्या जागेवर आली नाही, पोरांच्या उपयोगी आली.

आमच्या व्यवसायातही हाच बाजार भरला आहे. आठवी-नववीपर्यंत एका शाळेने घडविलेले हुशार मूल फी माफ करून दुसरीकडे नेले जाते आणि दहावीच्या निकालानंतर चौकातल्या फलकावर त्याचा फोटो झळकतो. मूल पुढे गेले याचा आनंदच मानावा. त्याची वाट अडविणारे आम्ही कोण? पण फलक लावणाऱ्यांना आणि आम्हालाही विचारण्याजोगा सवाल एकच आहे. फलकावर ज्याचा फोटो कधीच येणार नाही, त्या मागच्या बाकावरच्या मुलासाठी कोणी किती वर्षे दिली?

संघ असो की शाळा, तिची नियत येथेच कळते. जिंकणाऱ्या मुलाला सगळेच आपला म्हणतात. न जिंकणाऱ्यालाही जो आपला म्हणतो, त्याच्याच हाती अमानत सोपवावी.