देणें कोणाचें ?

व्यसनी माणसाच्या उपचाराचा खर्च कोणीं करावा, हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबाचा दिसतो. पण थोडें खोल गेल्यास तो नीतीचा आहे असें आढळून येतें. क्षय, हृदयविकार, सर्पदंश यांना सरकारी रुग्णालयांत जागा असावी, गरिबाला ती फुकट मिळावी, याविषयीं सुशिक्षित समाजांत आतां दुमत उरलेलें नाहीं. दारूचें नांव निघालें कीं मात्र आवाज बदलतो. "आपल्या हातानें घेतली, आतां त्याचें त्यानें निस्तरावें," हें वाक्य सज्जन व दयाळू म्हणून ख्याति असलेल्या माणसांच्या तोंडूनहि मीं वारंवार ऐकलें आहे. तें निव्वळ निर्दयपणाचें नाहीं. त्यामागें एक तत्त्व आहे, आणि त्या तत्त्वाला फार जुनी साक्ष आहे.

आरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत हा मुद्दा मोठ्या चोखपणें मांडला आहे. नशेंत गुन्हा करणाराला दुप्पट शिक्षा सांगणाऱ्या कायद्याचा तो दाखला देतो. कारण नशा न करणें त्या माणसाच्या हातीं होतें. असंयमानें प्रकृति गमावलेल्या रोग्याविषयीं तो म्हणतो कीं, आतां केवळ इच्छेनें त्याला बरें होतां येणार नाहीं. हातून सुटलेला दगड परत घेतां येत नाहीं. तरी तो फेकला त्यानेंच. या विवेचनांत खोटें कांहीं नाहीं. व्यसन हा रोग आहे असें आधुनिक वैद्यक सांगतें आणि व्यसनाला आरंभ करणारा स्वतंत्र होता असें नीतिशास्त्र सांगतें; या दोन विधानांचा मेळ या एका दृष्टांतानें जितका बसतो, तितका नंतरच्या पुष्कळ पांडित्यानें बसलेला नाहीं. माझी तक्रार एवढीच कीं, दगड कोणीं फेकला हें आरिस्टॉटल विचारतो; तो कोणाच्या डोक्यांत पडला हें विचारीत नाहीं.

तें पाहावयाचें तर पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस भोर व वेल्हे या डोंगरी मुलखांत जावें. (वेल्हे तालुक्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला, लोकांच्या तोंडीं अजून वेल्हेच आहे.) पाऊस मुबलक, जमीन थोडी, खाचरांत भात, उतारावर नाचणी-वरई, आणि घरटी एखादा माणूस पुण्यामुंबईला पोटामागें गेलेला. तेथल्या एखाद्या वाडीतलें घर डोळ्यांपुढें आणा. घरधनी पितो. पहिलीं कांहीं वर्षें घर तें झांकतें. मग देवऋषी होतो. मग कोणीतरी सांगतें म्हणून पंढरीची माळ गळ्यांत पडते, ती आषाढीपासून दिवाळीपर्यंत टिकते. (माळेनें खरोखर सुटलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत; त्या मार्गाची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं.) मग 'रोग्याच्या नकळत जेवणांतून द्यावयाची' भुकटी जाहिरातीवरून टपालानें येते. एवढें होईपर्यंत सकाळीं चहाची कपबशी हातांत ठरेनाशी झालेली असते. शेवटीं पुण्याची वाट धरावी लागते: एस. टी. नें नसरापूर, आणि तेथून महामार्गानें शहर.

या वाटेवर कोणीं काय दिलें याचा हिशेब मांडून पाहावा. बायकोनें डोरलें दिलें. आईनें कानांतलीं दिलीं. भावानें सोबत म्हणून ऐन लावणींत आठ दिवसांची मजुरी सोडली. धरणाच्या पाण्याकडेचे चार गुंठे बंगला बांधूं पाहणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाकडे गेले. थोरल्या मुलीची शाळा सुटली. ती आतां गुरें पाहते. या यादींत पिणाराचें नांव कोठेंच नाहीं. देण्यासारखें त्याच्याजवळ कांहीं उरलेलेंच नसतें. "त्याचें त्यानें निस्तरावें" या न्यायनिष्ठ वाक्याचा व्यवहारांत अर्थ होतो तो असा कीं, त्याचें तिनें निस्तरावें. आणि जिला हें देणें भरावें लागतें तिचा अपराध कोणता, याचें उत्तर त्या तत्त्वाजवळ नाहीं.

मराठी वाचकाला हें नवें वाटूं नये. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हांपासून आपण सिंधूसाठीं रडत आलों आहों. सुधाकर शपथ घेतो व मोडतो, रामलाल उपदेश करतो, सिंधू दळण दळते. पण "याला अमुक ठिकाणीं घेऊन जा," असें त्या नाटकांत कोणीहि कोणाला सांगूं शकत नाहीं. उपदेश आणि शपथ यांपलीकडे तिसरा उपायच तेथें नाहीं. तो उपाय पुण्यांत उभा राहिला तो १९८६ च्या ऑगस्टांत. येरवड्याच्या मनोरुग्णालयांत काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट व त्यांचे पति डॉ. अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीच्या आधारानें त्याच रुग्णालयाच्या आवारांत 'मुक्तांगण' सुरू केलें. अनिताबाई १९९७ सालीं गेल्या, अनिल अवचट २०२२ सालीं. संस्था चालूं आहे. त्या घटनेंत मला महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, पहिला पैसा रोग्याच्या घरून आला नाहीं; ज्यांचा त्या रोग्याशीं कांहीं संबंध नव्हता अशा दोन माणसांकडून आला.

उपचार म्हणजे नेमकें काय, हेंहि थोडें सांगितलें पाहिजे, कारण खर्चाचें कोडें तेथेंच आहे. वर्षानुवर्षें रोज पिणाराची दारू एकाएकीं तोडली तर दोनतीन दिवसांत झटके येऊं शकतात, भ्रम होऊं शकतो, प्रसंगीं जीवहि जातो. म्हणून पहिला आठवडा तरी डॉक्टरच्या देखरेखीखालीं जावा लागतो. त्या आठवड्याचीं औषधें महाग नाहींत. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाला न पेलण्यासारखें त्यांत थोडें आहे. महाग आहे तें पुढचें: कांहीं आठवडे घराबाहेर राहणें, बोलणारा व ऐकणारा जाणता माणूस मिळणें, आणि नंतर वर्ष-दोन वर्षें ठराविक दिवशीं पुन्हां पुन्हां जाऊन येणें. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या 'एम्स'नें केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसलें कीं, दारूवर पुरते अवलंबून झालेल्या ३८ जणांमागें एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांमागें एक. उरलेल्यांपैकीं कांहींना स्वस्तांतल्या, कुलुपबंद जागा भेटतात; तेथें मारहाण हेंच औषध असतें.

कायदा याविषयीं मुका नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानें दारू व अंमली पदार्थ यांच्या व्यसनांतून येणाऱ्या मानसिक अवस्था आजारांत धरल्या. रोग्याला सांखळीनें बांधण्यास बंदी केली. विमा कंपन्यांनीं शरीराच्या आजाराप्रमाणेंच मनाच्या आजारालाहि विमा द्यावा असें सांगितलें. आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला, हातीं कार्ड असो वा नसो, सरकारी सेवा फुकट मिळण्याचा हक्क दिला. आणखी एक तरतूद त्यांत आहे: जिल्ह्यांत आवश्यक सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यांत दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनें सोसावा. तरतूद उदार आहे; परंतु तिचें माप जिल्ह्याचें आहे. पुणें जिल्ह्यांत येरवड्याचें मनोरुग्णालय आहे, ससून आहे. तेव्हां कागदावर वेल्ह्याच्या माणसाला सेवा 'उपलब्ध' आहे. तोरण्याच्या पायथ्याहून ससूनच्या दारापर्यंतचा रस्ता, बुडालेली मजुरी आणि मागें राहिलेलीं जनावरें हीं त्या मापांत येत नाहींत. १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ति-क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, ही सोय खरोखरच चांगली आहे. पण सल्ल्यानंतरची पायरी पुन्हां त्या एस. टी. चीच.

आतां सरकारच्या बाजूनें एक गोष्ट म्हणतां येईल: कर भरणाऱ्या, कधीं थेंबहि न घेतलेल्या शेतकऱ्याच्या पैशानें दुसऱ्याचें व्यसन कां सोडवावें? येथें आपल्या राज्याचा एक विलक्षण प्रकार ध्यानांत घेतला पाहिजे. महाराष्ट्रांत दारूविषयींचा मूळ कायदा १९४९ चा असून त्याच्या नांवांत आजहि 'दारूबंदी' आहे. आणि त्याच राज्याचा उत्पादन शुल्क विभाग दारूवर कर वसूल करतो. मिल्लनें आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत मादक पेयांवर उत्पन्नासाठीं कर बसविणें गैर नाहीं असें मान्य केलें आहे, आणि मलाहि तें मान्य आहे. मात्र त्याच निबंधांत तो म्हणतो कीं, उधळपट्टीनें ज्याला आपलें कुटुंब पोसतां येत नाहीं, तो उधळपट्टीसाठीं नव्हे तर कुटुंबाविषयींच्या कर्तव्याच्या भंगासाठीं दोषी आहे. हीच कसोटी सरकारला लावून पाहावी. कर घेतला हा दोष नव्हे. पण जो माणूस अधिक पितो तोच अधिक कर भरतो, आणि तो पैसा त्या डोरल्याचा व त्या चार गुंठ्यांचा असतो. त्यांतला कांहीं भाग त्याच घरीं औषधाच्या रूपानें परत आला तर ती न पिणाऱ्या शेतकऱ्याची भीक होत नाहीं. हातभट्टीच्या दारूवर कर नसतो, हा आक्षेप येईल. तो खरा आहे. तरी ज्या घरच्या सुनेनें दारूला स्पर्शहि केला नाहीं, तिचें देणें हातभट्टीमुळें कमी होत नाहीं.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो: फुकट मिळालेल्याची किंमत नसते; स्वतः मोजल्याशिवाय माणूस सुधारत नाहीं. यांत तथ्य आहे. परंतु मोजावयाचें तें कोणत्या नाण्यांत? १९३५ सालीं अमेरिकेंत ॲक्रन या गांवीं एक शेअरदलाल व एक डॉक्टर, दोघेहि दारुडे, यांच्या भेटींतून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' हा संघ निघाला. मराठी मुलखांतहि त्याच्या सभा भरतात. तेथें फी नाहीं. बाहेरची देणगी घेत नाहींत. आलेलीं माणसें ऐपतीप्रमाणें आपलें आपण टाकतात. नव्याला त्या खोलींत मोजावें लागतें तें चारचौघांत खरें बोलून, आणि पुढच्या आठवड्यास पुन्हां येऊन. हें नाणें बायकोला आपल्याऐवजीं भरतां येत नाहीं.

तेव्हां माझें मागणें फार मोठें नाहीं. दारूच्या करांतून ठराविक वांटा तालुक्याच्या रुग्णालयाकडे जावा; भोरला व वेल्ह्याला पहिल्या आठवड्यापुरत्या कांहीं खाटा या रोग्यांसाठीं राखून ठेवाव्या; पुण्याहून एक समुपदेशक बाजाराच्या दिवशीं तेथें यावा, म्हणजे पाठपुराव्यासाठीं माणसाला मजुरी बुडवावी लागणार नाहीं; आणि रोगी पुण्यास दाखल असेल तोंवर त्याच्यासोबतच्या माणसाचें एस. टी. चें भाडें त्याच वांट्यांतून दिलें जावें.