आधी निवडा, मग पुसा

पुसणं ही क्रिया आपण फारच क्षुल्लक समजतो. लिहिणाऱ्याचे सत्कार होतात, चित्रं काढणाऱ्यांची प्रदर्शनं भरतात; पुसणाऱ्याला मात्र शाळेतल्या फळ्यापलीकडे कुणी विचारलेलं नाही. वास्तविक काय ठेवावं आणि काय पुसावं, या एका प्रश्नावर माणसाचा निम्मा जन्म खर्ची पडतो. हे शहाणपण एखाद्या स्वामींच्या प्रवचनात लाभलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पण मला ते लाभलं भाच्याच्या कॉम्प्युटरवर. भाचा घरांचे नकाशे काढतो. ऑटोकॅड नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात तो दिवसभर रेघा ओढतो, असं त्याची आई सांगते. मी पाहतो तेव्हा तो पुसतच असतो.

पूर्वी नकाशातलं काही पुसणं म्हणजे शस्त्रक्रिया होती. ट्रेसिंग पेपरवरची शाईची रेघ दाढीच्या ब्लेडनं अलगद खरवडायची, कागद फाटू द्यायचा नाही, वर रबर फिरवायचं, मग नखानं घासून जागा गुळगुळीत करायची. एवढ्या वेळात ती भिंत खरंच नको आहे का, याचा माणूस दहादा विचार करी. कित्येक भिंती निव्वळ ड्राफ्ट्समनच्या कंटाळ्यावर तगल्या असतील! शिवाय खरवडलेल्या जागी अंधूक डाग राही. इथं काहीतरी होतं, एवढी साक्ष कागद देत असे. 1982 साली ऑटोकॅड आलं आणि ही साक्षही गेली. 'इरेज' म्हणायचं, एन्टर दाबायचं. भिंत अशी जाते, की जणू ती कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हती.

म्हणजे पुसायला आता कष्ट नाहीत. सगळी जोखीम निवडण्यात आहे, आणि नीतिशास्त्र सुरू होतं ते इथंच.

पहिला प्रश्न असा, की हुकूम आधी की निवड आधी? ऑटोकॅडला दोन्ही चालतं. वस्तू निवडून मग 'पुस' म्हणता येतं, किंवा आधी 'पुस' म्हणायचं आणि ते 'कुणाला?' म्हणून विचारील तेव्हा बोट दाखवायचं. या दुसऱ्या प्रकारात पुसायचं ठरलेलंच असतं. फक्त गिऱ्हाईक शोधायचं असतं. काटकसरीच्या बहुतेक योजना याच पद्धतीनं निघतात.

दुसरा प्रश्न चौकटीचा. माऊस डावीकडून उजवीकडे नेला तर निळी चौकट पडते. तिच्यात जे पुरतं मावलं तेवढंच धरलं जातं. उजवीकडून डावीकडे नेला तर हिरवी पडते. तिला जे नुसतं शिवलं तेही धरलं जातं, मग ते तीन हिस्से बाहेर का असेना. माणसं रागावली की हमखास हिरवी चौकट ओढतात. आमच्या वडिलांचं आणि थोरल्या काकांचं गावच्या विहिरीवरून बिनसलं. विहीर एक, भाऊ दोन, आणि पाणी मार्चपर्यंत! भांडण फक्त काकांशी होतं. पण पुसली गेली काकू, चुलत भावंडं, काकूंच्या माहेरची माणसं आणि काका ज्याच्याकडे कपडे शिवत तो शिंपीसुद्धा. यांतलं कुणी त्या विहिरीत डोकावलंही नव्हतं. चौकटीला चाटून गेले, एवढाच त्यांचा गुन्हा.

या विषयाचा विचार मोठ्या माणसांनी केलेला आहे. 1963 साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' सिद्ध केलं. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनं रेघा काढायच्या, असा तो प्रकार. त्यात नियम होता, की एखादा बिंदू पुसला तर त्या बिंदूवर टेकलेल्या रेघाही पुसल्या जाव्यात. नाहीतर त्या संपणार कुठं? ऑटोकॅडचं तसं नाही. तिथं भिंत पुसली तरी तिच्यालगत लिहिलेलं माप राहतं. ते वेगळं पुसलं नाही, तर मोकळ्या जागेत त्या मापाचा आकडा नुसताच लोंबकळत बसतो. आमच्याकडे दर दिवाळीला आई अनारसा तळणीतून काढी आणि म्हणे, "जाऊबाईंसारखी जाळी काही पडत नाही बाई!" वडील खाली मान घालून खात. भाचा म्हणतो, ज्या लेयरला कुलूप घातलेलं असतं त्यावरचं काही पुसता येत नाही. आईनं काकूंना बहुधा अशाच लेयरवर ठेवलं असावं.

आता पुसलेलं परत कसं आणायचं? एक मार्ग 'अन्डू'चा. एकेक पाऊल मागं जायचं. पण जाताना मधलं सगळं चांगलं कामही उलटत जातं. आमच्याकडे समेटाला येणारे शहाणे लोक हाच मार्ग सांगत. "आधी विहिरीचं काय ते बोला" म्हणत, आणि बोलणं विहिरीपर्यंत पोचलं की पुन्हा नवं भांडण होई. दुसरी आज्ञा आहे 'ऊप्स'. इंग्रज माणसाच्या तोंडून काही सांडलं-लवंडलं की जो उद्गार निघतो, तोच. ती मधल्या कामाला धक्का लावत नाही. पुसलेलं तेवढं जागच्या जागी आणून ठेवते. का पुसलं होतं, हे विचारत नाही. मात्र तिला शेवटचं पुसलेलंच आठवतं, आणि फाइल बंद केली की तेही नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी पहिली पत्रिका काकांना पाठवली. सोबत दोन ओळींचं पत्र. त्यात विहीर नव्हती, खुलासा नव्हता, मुहूर्ताची वेळ होती. काका दोन दिवस आधीच आले, आणि आल्या आल्या मांडव वाकडा घातलाय म्हणून मांडववाल्याशी भांडले, तेव्हा सगळं पूर्ववत झाल्याची आमची खात्री पटली. विहीर कुणाची, हे अखेरपर्यंत ठरलं नाही. पुढं दोघंही भाऊ गेले. विहिरीला अजून मार्चपर्यंतच पाणी असतं.